मॅशची पिशवी कशी निवडावी – प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

घरी बिअर करताना मॅशसाठी, म्हणजे भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजत ठेवायला, जी जाळीची पिशवी लागते, तिचा विषय आजपासून नीट हाताळायला घेतला. ब्रू इन अ बॅग पद्धतीत वेगळा मॅश टन (धान्य भिजवायचं भांडं) नसतो, खालची चाळणी नसते, धान्यावरून पाणी फिरवणं नसतं. एकाच भांड्यात पाणी तापवायचं, जाळीची पिशवी आत सोडायची, भरडलेलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ओतायचं, तासभर झाकून ठेवायचं, पिशवी उचलून निथळू द्यायची आणि त्याच भांड्यातला वर्ट (धान्यातून उतरलेलं गोड पाणी) उकळायचा. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूइंगवाल्यांनी ही पद्धत २००० नंतरच्या दशकात रुळवली आणि आता जगभर चालते. सामान इतकं कमी म्हणून लोक भांडं, बर्नर, थर्मामीटर याच्यावर महिनाभर डोकं लावतात आणि पिशवी मात्र जी मिळेल ती उचलतात. माझं म्हणणं उलट आहे. इथे पिशवी हाच फिल्टर आहे, तुम्ही धान्य किती बारीक भरडू शकता हे ती ठरवते, वर्ट किती सुटेल हे ती ठरवते, आणि दहा-बारा किलोचं गरम ओझं डोक्याच्या उंचीवर लटकत असतं तेव्हा ते कशाच्या भरवशावर लटकतंय तर तिच्याच.

माझं गणित असं: २० लिटर फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) जायला हवं, तळाचा गाळ २ लिटर, तासाभराच्या उकळीत ४ लिटर वाफ, ५ किलो धान्य पिळून झाल्यावर धरून ठेवणार साधारण ३ लिटर, म्हणजे सुरुवातीला २९ लिटर पाणी. धान्य स्वतः जागा खातं ती किलोला पाऊण लिटरच्या आतबाहेर, म्हणजे साडेतीन लिटर धरा. साडेबत्तीस झाले. भांडं ४० लिटरचं, आतला व्यास ३६ सेमी, उंची ४० सेमी, त्यामुळे ढवळायला पुरेशी जागा राहते. पिशवी याच भांड्यासाठी हवी आहे, "सगळ्या भांड्यांना चालेल" असली नको.

हाताशी असलेले नमुने: पेंट गाळायची म्हणून मिळते ती नायलॉनची पिशवी, पॉलिएस्टर व्हॉइलच्या (पडद्याच्या झिरझिरीत कापडाच्या) दोन (एक पट्टे लावलेली, एक साधी), सुती मलमलची एक, आणि बारीक जाळीची एक जी १५० मायक्रॉनची म्हणून आली.

८ जानेवारी

आज फक्त मायक्रॉन आणि मेश यावर बसलो, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मेश म्हणजे एका इंचात किती धागे. मायक्रॉन म्हणजे दोन धाग्यांमधली मोकळी जागा, १००० मायक्रॉनचा एक मिलिमीटर. ढोबळ जोड्या लक्षात ठेवायला बऱ्या: ४० मेश म्हणजे ४०० च्या थोडं वर, ६० मेश म्हणजे २५० मायक्रॉन, ८० मेश म्हणजे १८० च्या आसपास, १०० मेश म्हणजे १५०, आणि २०० मेश म्हणजे ७५. मेशचा आकडा वाढला की भोक लहान, हे पक्कं डोक्यात बसवा, ऑर्डर करताना लोक नेमके इथेच अडखळतात.

पण या जोड्या खऱ्या ठरतात त्या ठराविक जाडीचा धागा धरला तरच. ६० मेश घ्या. २५.४ मिमी भागिले ६० म्हणजे एका धाग्याच्या मध्यापासून पुढच्या धाग्याच्या मध्यापर्यंत ०.४२ मिमी. धागा ०.१७ मिमी जाड असेल तर भोक उरतं ०.२५ मिमीचं. तोच धागा ०.१२ चा असेल तर भोक ०.३० मिमीचं. दोन्ही कापडं ६० मेश, दोन्हींवर तसंच लिहिलेलं असणार, आणि तरी पहिल्यात कापडाचा फक्त ३५ टक्के भाग मोकळा आणि दुसऱ्यात ५१ टक्के. निथळण्याचा वेग त्या मोकळ्या भागावर अवलंबून असतो. म्हणून नुसता मायक्रॉन विचारून भागत नाही, धागा किती बारीक हेही बघायला हवं, आणि विकणारा हे सहसा लिहीत नाही.

मोजायची साधी रीत: कापड उजेडासमोर ताणून धरायचं, वर स्टीलची पट्टी ठेवायची, मोबाइलचा मॅक्रो फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून एका सेंटीमीटरमधले धागे मोजायचे. सेंटीमीटरला २४ च्या जवळपास आले तर ६० मेश. पेंटवाली पिशवी अशी बघितली तर भोकंच एकसारखी नाहीत, काही ठिकाणी धागे सरकून शेजारचं भोक दुप्पट झालंय. व्हॉइलमध्ये भोकं लहान-मोठी आहेत पण धागे जागचे हलत नाहीत, नखाने ओढून पाहिलं. १५० म्हणून आलेली खरंच बारीक आहे आणि धागा मात्र जाड. ती निथळताना त्रास देणार हे आत्ताच लिहून ठेवतो.

ब्रूइंगसाठी २०० ते २५० मायक्रॉनची पिशवी बहुतेक जण वापरतात, आणि ती तशी बरोबरच आहे.

१२ जानेवारी

कापड कुठलं.

सुती मलमल बाद. ओलं झालं की धागे फुगतात, भोकं बुजतात, आटतं, सुकायला दिवस लावतं आणि तेवढ्यात बुरशी धरतं. मूठभर धान्य गरम पाण्यात भिजवायचं असेल तेव्हा एकदा वापरून टाकून द्यायला ठीक, पूर्ण मॅशसाठी नाही.

नायलॉन मजबूत असतं, उकळत्या पाण्याने त्याला काही होत नाही कारण ते वितळतं २०० अंशांच्या बरंच वर, पण ते पाणी शोषतं आणि ओलं झालं की थोडं सैल पडतं, ताणलं जातं. क्लोरीनवाल्या ब्लीचने खराब होतं, उन्हात वर्षभर वाळत घातलं की कडक आणि पिवळट होत जातं. पॉलिएस्टर पाणी जवळपास शोषत नाही, आकार धरून ठेवतं, २५० अंशांच्या पुढेमागे वितळतं, उन्हाला जास्त टिकतं. त्याचा शत्रू म्हणजे गरम आणि कडक अल्कली, कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी त्याला हळूहळू खातं. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ असतो, तेवढी आंबट बाजू दोन्ही कापडं आरामात सोसतात, म्हणून मॅशमध्ये धोका कुणालाच नाही, धोका धुताना आहे.

पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्याही दिसतात. वितळतं १६० च्या पुढे पण त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं, आणि वजन लटकवायचं असताना मऊ पडणारं कापड मला नको.

अजून एक फरक जो हाताला लगेच कळतो: एकेरी धागा की पिळाचा धागा. एकेरी धागा म्हणजे मासे पकडायच्या गळाच्या दोरीसारखा सलग, गुळगुळीत, त्यात पीठ अडकत नाही, हिसडला की साफ. पिळाच्या धाग्यात बारीक तंतू असतात आणि पीठ त्यात जाऊन बसतं. व्हॉइल स्पर्शाला मऊ लागतं कारण ते बारीक पिळाच्या धाग्याचं असतं. मग एकेरीच घ्यावी असं वाटेल, पण एकेरी धाग्याची जाळी कडक असते, भांड्याच्या काठावर दुमडून नीट बसत नाही, आणि घडीवर वारंवार मोडली की तिथेच तुटते. मी व्हॉइलकडे झुकतोय.

स्टीलच्या जाळीच्या टोपल्याचाही विचार झाला. टिकाऊ, साफ करायला सोपी, पण पिळता येत नाही, आणि भांडं आणि टोपलं यांच्या फटीत जे पाणी राहतं ते धान्यातून फारसं फिरतच नाही. पिशवी भांड्याच्या अंगाला चिकटून बसते, सगळं पाणी धान्याच्या संगतीत राहतं. माझ्यासाठी टोपलं इथेच संपलं.

१८ जानेवारी

माप. यावर कुणी फार बोलत नाही आणि निम्मा त्रास इथूनच येतो.

पिशवी भांड्यापेक्षा मोठी हवी. थोडी छोटी असली की काय होतं तर ती भांड्याच्या मध्यात थैलीसारखी लोंबते, धान्य तिच्यात दाबून बसतं, मधल्या धान्याला पाणी नीट पोचत नाही, गुठळ्या होतात आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं. तुम्ही ढवळायला जाता तर पळी पिशवीलाच अडकते. पिशवी मोकळी असली तर धान्य पूर्ण भांडंभर पसरतं, जणू पिशवी नाहीच.

माझं भांडं: व्यास ३६, म्हणजे घेर ११३ सेमी. पिशवी सपाट पसरली तर रुंदी घेराच्या निम्मी हवी, ५६.५, आणि थोडी सैल म्हणून ६०. उंचीचा हिशेब उशीच्या अभ्र्यासारखी साधी पिशवी असेल तर असा: भांड्याची उंची ४०, अधिक तळाची त्रिज्या १८ कारण कापडाला तळ झाकून मध्यापर्यंत जायचंय, अधिक काठावर बाहेरून दुमडायला १२. झाले ७०. साधी व्हॉइलची पिशवी ५० बाय ६० आहे, कागदावर "४० लिटरसाठी" लिहिलंय. भांड्यात घालून बघितली, तोंड काठाच्या घेराला पुरत नाही आणि तळभर पसरत नाही. लिटरचा आकडा बघून पिशवी घेऊच नये, भांडं उंच-अरुंद आहे की बुटकं-रुंद यावर सगळं अवलंबून, ४० लिटर दोन्हीत मावतात.

तळाचा आकार तीन प्रकारचा मिळतो. चौकोनी, म्हणजे अभ्रा, त्याचे दोन कोपरे लोंबतात आणि त्यात धान्य अडकून बसतं, पिळताना ते कोपरे राहून जातात. गोल तळ वेगळा शिवून जोडलेला, बसतो छान, पण सगळ्या घेराला शिवण आणि ती शिवण नेमकी ओझ्याखाली. आणि निमुळता, खाली अरुंद होत जाणारा, उचलला की धान्य एका टोकाकडे गोळा होतं, वर्ट त्या टोकातून धार लावून पडतो आणि चोथा ओतून द्यायलाही सोपं. मला निमुळता आवडला, पण अगदी टोकदार नको, भांड्याच्या तळाशी हाताच्या पंज्याएवढी सपाट जागा राहील इतपत.

२१ जानेवारी

आत्या आली होती, ती आयुष्यभर शिवणकाम करत आलीये, म्हणून सगळ्या पिशव्या तिच्यासमोर मांडल्या. तिने चष्मा लावला, एकेक उलटी केली आणि बाहेरून कशी दिसते ते बघितलंसुद्धा नाही. सरळ आतली शिवण.

पेंटवाल्या पिशवीला तिने दोन्ही बाजूंनी धरून शिवणीवर आडवा ताण दिला आणि मला म्हणाली, "हे बघ, टाक्यांच्या मधून उजेड दिसतोय ना, ही पडद्याची शिवण आहे रे, ओझ्याची नाही." खरंच, टाके लांब लांब, आणि कडेला कापड फक्त अर्धा सेंटीमीटर सोडलेलं आणि तेही कच्चं. जाळीचं कापड कडेने सुटतं, एक धागा निघाला की पुढचा निघतोच, मग शिवण तशीच राहते आणि कापडच तिच्यातून सरकून बाहेर येतं. दोरा तुटत नाही, कापड सुटतं. हे मला आधी असं स्पष्ट कुणी दाखवलं नव्हतं.

तिचं म्हणणं: कच्ची कड आत दडवणारी शिवण हवी. एकदा उलटीकडून टीप, मग पालटून सुलटीकडून दुसरी टीप, म्हणजे कड दोन टिपांच्या मध्ये बंद होते. किंवा दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या आणि वरून दोन समांतर टिपा मारायच्या, जीन्सच्या पायाच्या शिवणीला असतात तशा. नुसतं ओव्हरलॉक कड सुटू देत नाही पण ओझं घ्यायला ते एकटं पुरेसं नाही. दोरा पॉलिएस्टरचा, सुती मुळीच नाही कारण सुती दोरा दर वेळी ओला-सुका होऊन कुजतो आणि पॉलिएस्टरचं कापड धड असताना शिवण उसवते. टाके लहान, पण फार लहानही नाही, कारण बारीक जाळीत सुईची भोकं शेजारी शेजारी पडली की तिथे फाटायची रेघच तयार होते. सुई पातळ.

आणि पट्टे. पट्ट्यांच्या पिशवीवर तिने बराच वेळ घालवला. पट्टे नुसते तोंडाशी शिवले असतील तर सगळं ओझं त्या चार जागांच्या कापडावर. पट्टा तळाखालून जाऊन दुसऱ्या बाजूने वर आला असेल तर ओझं पट्टा घेतो आणि कापड फक्त गाळण्याचं काम करतं. ही पिशवी दुसऱ्या प्रकारची आहे, पट्टे पूर्ण खालून गेलेत, तोंडाशी चौकोन आणि त्यात फुली अशी टीप. आत्याने मान हलवली, म्हणजे पास.

संध्याकाळी ओझ्याची चाचणी. ५ किलो धान्य भिजून उचललं की पहिल्या क्षणी पाणी धरून १३-१४ किलो भरू शकतं. म्हणून पाण्याच्या लिटरच्या १५ बाटल्या भरून प्रत्येक पिशवी हुकाला टांगली, आणि भिजवून टांगली, कारण कोरड्या कापडाची परीक्षा घेऊन काय उपयोग. पेंटवालीचा तळाचा कोपरा थोड्याच वेळात उघडायला लागला, शिवणीच्या बाजूने भोकं लांबट झाली. पट्ट्यांची व्हॉइल रात्रभर तशीच, शिवणीवर सुरकुतीसुद्धा नाही.

२५ जानेवारी

पहिला खरा मॅश, पट्ट्यांच्या व्हॉइलमध्ये. मोजून ती २२० ते २५० मायक्रॉनमध्ये पडते.

धान्य २४ अंशांवर, २९ लिटर पाणी ६९ अंशांवर, ओतून ढवळल्यावर ६६ वर स्थिरावलं. इतकं पाणी असलं की तापमान फारसं पडत नाही, तीन अंश खाली आलं बस. धान्य ओतताना पिशवीच्या तोंडाला भांड्याच्या काठावर क्लिपा लावल्या, नाहीतर वजनाने ती आत सरकते. भरड नेहमीचीच, गिरणीच्या दोन रोलरमधलं अंतर १ मिमी, टरफल जवळपास अखंड.

तासाभराने ७६ वर नेलं आणि उचललं. इथे पिशवी कळते. पहिली दहा-वीस सेकंद नळ सोडल्यासारखी धार, मग धार बारीक होत थेंबांवर आली, दहा मिनिटं हुकाला लटकवून ठेवली, मग दोन ताटल्यांमध्ये दाबून पिळली. शेवटच्या पिळण्यात जो वर्ट येतो तो दाट आणि गोड असतो, तो सोडायला माझा जीव होत नाही.

पिळल्याने कडवट टॅनिन उतरतं असं पुष्कळ जण सांगतात. टॅनिन टरफलातून सुटतं ते पीएच ६ च्या वर गेला आणि तापमान ७७-७८ च्या पुढे गेलं की. दाबण्याशी त्याचा संबंध नाही. साधारण मॅशमध्ये पीएच साडेपाचच्या आसपास आहे तोवर खुशाल पिळा. तुरट बिअर होते ती गरम पाण्याने धुवून धुवून पीएच चढवल्यामुळे, आणि नाव मात्र पिळण्याचं होतं.

उकळीआधी २६ लिटर, ग्रॅव्हिटी (वर्टची घनता, साखर जास्त तर आकडा जास्त) १.०४०. ५ किलो मॉल्टमधून जेवढं निघू शकतं त्याच्या दोन तृतीयांशाहून किंचित जास्त. वाईट नाही, पण याच्यासाठी पिशवी घेतलेली नाही.

१ फेब्रुवारी

आज भरड बारीक केली, रोलरमधलं अंतर ०.७ मिमी. बाकी सगळं तेच, तीच पिशवी, तेवढंच पाणी.

साध्या मॅश टनमध्ये इतकी बारीक भरड घातली तर धान्याचा थर बसतो, टरफलं तुटलेली असल्यामुळे पाण्याला वाट राहत नाही आणि वर्ट अडकून बसतो. तिथे टरफलच फिल्टर असतं. पिशवीत फिल्टर कापड आहे, सगळ्या बाजूंनी आहे, म्हणून टरफलाची तेवढी गरज उरत नाही. पिशवीचा खरा फायदा मला विचाराल तर हाच. बारीक भरड म्हणजे पीठ जास्त उघडं पडतं, पाणी लवकर आत शिरतं, पिठाची साखर करणारे एन्झाइम लवकर पोचतात.

उकळीआधी तेवढेच २६ लिटर, ग्रॅव्हिटी १.०४५. काही न वाढवता पाच पॉइंट मिळाले. निथळायला जास्त वेळ लागला, दहाच्या जागी पंधरा मिनिटं गेली आणि पिळताना हाताला ते जाणवलं, पण अडलं कुठेच नाही. भांड्याच्या तळाशी पांढरट पिठाचा थर आला, आधीपेक्षा जाड. तो उकळीत जातो आणि शेवटी ट्रबबरोबर (उकळीतल्या गाळाबरोबर) खाली बसतो, २ लिटर सोडलेत ते याच्यासाठीच.

मग त्याच भरडीचा थोडा भाग १५० मायक्रॉनवाल्या पिशवीत लहान भांड्यात केला. वर्ट नक्की स्वच्छ आला. पण उचलली तर फुग्यासारखी टम्म, पाणी आतच, खालून नुसता पाझर. पिठाने भोकं लिंपून टाकली. बाहेरून पळीने खरवडलं की तेवढ्या जागेतून धार लागायची आणि परत बंद. ८ जानेवारीला धाग्याच्या जाडीबद्दल लिहिलंय ते इथे समोर दिसतंय. बारीक जाळी म्हणजे चांगली जाळी हा समज मी इथे बाजूला ठेवतो. उकळीनंतर गाळ तसाही खाली बसणार आहे, मॅशच्या वेळी तो एवढा अडवायची गरजच नाही.

५ फेब्रुवारी

छोटी नोंद, पण महत्त्वाची. कापड १०० अंशांच्या वर्टमध्ये सुरक्षित आहे म्हणजे गरम धातूवर सुरक्षित आहे असं नाही. बर्नर चालू असताना पिशवी तळाला टेकलेली असेल किंवा इलेक्ट्रिक कॉइलला चिकटली असेल तर तिथल्या धातूचं तापमान पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं, आणि वर धान्य दाबून बसलं की तिथलं पाणीही फिरत नाही. कापड चुरगळतं, भोक पडतं, आणि तळाचं धान्य करपलं तर तो वास सगळ्या बॅचमध्ये. उपाय: तळात केक गार करायची पायांची स्टीलची जाळी ठेवायची, पिशवी तिच्यावर. मॅश तापवायचा असेल तर आच मंद आणि हात सतत ढवळता. मी पिशवी उचलून धरूनच तापवतो.

८ फेब्रुवारी

गव्हाचा प्रयोग, निम्मं गव्हाचं मॉल्ट आणि थोडे ओट्स. गव्हाला टरफल नाही, ओट्समध्ये बीटा-ग्लुकन, दोन्ही मिळून चिकट खळ. व्हॉइल निथळली पण रडत-खडत. पुढच्या वेळी भरडीत भाताचं तूस मिसळणार, धुऊन. पिशवीच्या पद्धतीत ते लागत नाही असं म्हणतात, साध्या बार्लीला नाहीच लागत, पण इतक्या गव्हाला पिशवी बदलण्यापेक्षा तूस घालणं सोपं. आणि गव्हासाठी अंतर ०.७ पेक्षा कमी करायचं नाही असं नाही, गव्हाचे दाणे लहान आणि कडक असतात, ते वेगळे भरडून अंतर कमीच ठेवायला लागतं.

१२ फेब्रुवारी

हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) पिशवीचा विषय वेगळा, मॅशची पिशवी कापून तिथे वापरू नये.

पेलेट, म्हणजे हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या, उकळत्या वर्टमध्ये गेल्या गेल्या सुटतात आणि चिखल होतो. मॅशच्या २५० च्या जाळीत तो चिखल थर धरतो आणि आतला वर्ट बाहेर-आत होत नाही, मग कडवटपणा पूर्ण उतरत नाही. ३०० ते ४०० मायक्रॉन पेलेटला बरं पडतं, थोडा हिरवा गाळ बाहेर येतो, येऊ दे. अख्ख्या फुलांना तर त्याहून मोकळी जाळीही चालते. मोठी पिशवी घ्या आणि एक तृतीयांशच भरा. हॉप्स फुगून दुपटीच्या वर जातात, गच्च भरलेल्या पिशवीतला मधला गोळा तासाभराच्या उकळीनंतरही कोरडा निघालेला मी बघितलाय, फोडला तर आत हिरवी भुकटी.

ड्राय हॉपसाठी, म्हणजे आंबवण झाल्यावर गार बिअरमध्ये टाकायला, पिशवी पंधरा मिनिटं उकळून घ्यायची, आत स्टीलचं वजन टाकायचं नाहीतर ती तरंगते. नाडी स्टीलच्या क्लिपवाली नको, प्लॅस्टिकचं लॉकही नको, त्याच्या आतल्या स्प्रिंगला गंज चढतो. साधी नाडी, साधी गाठ.

१६ फेब्रुवारी

धुणं. चोथा गरम असतानाच ओतून टाकायचा, पिशवी उलटी करायची आणि लगेच पाण्याखाली धरायची, कारण पीठ वाळलं की ते धाग्यात खळीसारखं बसतं आणि मग कितीही चोळा. शिवणीच्या दुमडीत बोट फिरवायचं, दाणे तिथेच लपतात. वासाचा साबण नाही, फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नाही, तो धाग्यावर थर सोडतो आणि पुढच्या बिअरचा फेस मारतो. सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात घालून अर्धा तास भिजवली की हॉप्सचा आणि काळ्या मॉल्टचा डागही निघतो. परकार्बोनेट अल्कलीच आहे, म्हणून कोमट, उकळतं नाही, आणि रात्रभर विसरून ठेवायची नाही. मग हवेशीर जागी टांगून पूर्ण वाळवायची, पट्ट्याच्या जोडाला हात लावून बघायचा, कापड सुकतं पण पट्टा आतून ओला असतो आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.

पिशवी कधी टाकायची: उजेडासमोर धरली की शिवणीच्या कडेने रांगेत मोठी भोकं दिसायला लागली की. मधल्या कापडात एखादं छोटं भोक पडलं तर रफू करून चालते, शिवणीशी असेल तर चालत नाही.

२० फेब्रुवारी

निर्णय झाला. तयार पट्ट्यांची पिशवी चांगली आहे, पण माझ्या भांड्याला उंचीत ६ सेमी कमी पडते आणि तळ चौकोनी. म्हणून कापड आणून आत्याकडून शिवून घेणार, तिने होकार दिलाय, "माप कागदावर दे, तोंडी नको" एवढंच म्हणाली. तर हा कागद:

कापड पॉलिएस्टर व्हॉइल, सेंटीमीटरला २४ ते २६ धागे, धागा बारीक, फुलीची किंवा डिझाइनची विण नको. शिवायच्या आधी गरम पाण्यातून काढून वाळवायचं म्हणजे जे आटायचं ते आटून घेईल. रुंदी ६०, उंची ७०, खालच्या २० सेमीत दोन्ही बाजूंनी निमुळती करत तळ १८ रुंद. बाजूच्या शिवणी दुमडून, दोन समांतर टिपा, दोरा पॉलिएस्टर. पट्टे दोन, अडीच सेमी रुंद, पॉलिएस्टरचेच, तळाखालून एकमेकांना छेदून जाणारे, जिथे छेदतात तिथे चौकोनी टीप, वर प्रत्येक टोकाला हाताची चार बोटं जातील एवढी कडी. तोंडाशी ३ सेमीची दुमड, त्यात नाडी, म्हणजे भांड्याच्या काठाखाली आवळून बसेल आणि क्लिपा लागणार नाहीत. पट्टे नाडीच्या दुमडीवरून गेले पाहिजेत, आतून नाही, नाहीतर नाडी ओढली की अडकेल.

आत्याचा एकच प्रश्न आला, पट्टा जाळीवर पूर्ण लांबीभर शिवायचा का. नाही म्हटलं, फक्त तळाशी आणि तोंडाशी, मध्ये मोकळा. मधे शिवला तर तेवढी जाळी बंद होते आणि पिळताना पट्टा आणि कापड वेगवेगळे ताणले जाऊन टाके ओढतात. तिला पटलं, पण तळापासून वर हातभर तरी शिवूया म्हणाली, नाहीतर उचलताना पट्टा बाजूला घसरेल. हे बरोबर आहे, कागदावर घातलं.

शिवून आली की आधी १५ बाटल्या, भिजवून, रात्रभर. मग ०.७ ची भरड.